आर्क वेल्डिंगचे यंत्र : उभारणी, वापर आणि निगा

सातारा व सांगली या जिल्ह्यांतील शेतकऱ्यास लोखंडी अवजारांची ओळख जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली तेव्हाच्या औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर आपला कारखाना आणला व तेथून लोखंडी नांगर गावोगाव गेला. सातारा रोड येथील कूपर यांच्या कारखान्यातूनही नांगर निघत. त्या काळी अवजार मोडले तर लोहाराच्या भात्यावाचून गत्यंतर नसे. १९६२ साली कोयना प्रकल्पाची वीजनिर्मिती सुरू झाली, पुढे खेडोपाडी वीज पोचली, आणि ऐरणीच्या शेजारी वेल्डिंगचे यंत्र येऊन बसले. आज गळिताच्या हंगामात उसाची ट्रॉली किंवा टायरगाडी मोडली, तर तिची दुरुस्ती बहुधा गावातच होते.

यंत्र घेताना किमतीची चौकशी सर्वजण करतात. ते कोठे व कसे बसवावे याची फारच थोडे करतात. वस्तुतः यंत्राचे आयुष्य, काम करणाऱ्याचा जीव आणि शेजाऱ्यांच्या पंपांच्या मोटारी या तिन्हींचा संबंध उभारणीशी आहे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही बाजू नीट समजून घेणे जरूर आहे.

गावात सामान्यतः आढळणारे यंत्र म्हणजे एक ट्रान्सफॉर्मर होय. तो ४१५ व्होल्टचा दाब उतरवून सुमारे ८० व्होल्टवर आणतो. रॉड टेकवून ज्योत पेटली की हा दाब २५ व्होल्टच्या आसपास येतो व प्रवाह मात्र शंभर-दीडशे अँपिअर वाहतो. ३.१५ मिलिमीटर जाडीच्या रॉडला साधारणपणे ९० ते १३० अँपिअर, तर ४ मिलिमीटरच्या रॉडला १४० ते १८० अँपिअर लागतात.

आता थोडा हिशेब करू. १५० अँपिअरवर काम चालले असता ज्योतीत खर्ची पडणारी शक्ती चार किलोवॅटच्या आतच असते. परंतु यंत्र तारांतून ओढते ते १२ केव्हीए, म्हणजे ४१५ व्होल्टवर सुमारे २९ अँपिअर. मधला फरक हा निरुपयोगी प्रवाहाचा भार होय. तो वीज फारशी खात नाही, पण तारा, फ्यूज व गावचा ट्रान्सफॉर्मर तापवितो. शिवाय हे यंत्र तीनपैकी दोनच फेजवर जोडलेले असते, त्यामुळे त्या दोन फेजचा दाब खाली येतो व तिसरीचा तसाच राहतो. याचा फटका त्याच ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या पंपांना बसतो. फेजांच्या दाबात केवळ ३ टक्के तफावत पडली तरी मोटारीची तापमानवाढ सुमारे १८ टक्क्यांनी अधिक होते. मोटार जळाली की विहिरीला, केबलला किंवा नशिबाला दोष दिला जातो; शेजारच्या वेल्डिंगकडे कोणाचे लक्ष जात नाही.

यावर उपाय आहे व तो महागडा नाही. १२ केव्हीएच्या यंत्रास सुमारे ६ केव्हीएआरचा कपॅसिटर मेन स्विचच्या बाजूस जोडावा. प्रवाह जवळजवळ निम्म्यावर येतो. यंत्र बंद करताना कपॅसिटरही बंद झाला पाहिजे, अशी जोडणी वायरमनकडून करवून घ्यावी. गावात दोन-तीन यंत्रे असतील तर ती निरनिराळ्या फेजजोडीवर विभागावीत. शेतीपंपाच्या जोडणीवर दुरुस्तीचा धंदा चालविणे मात्र सर्वथा टाळावे. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे तो अनधिकृत वापर ठरतो व दंडाची आकारणी होते. कार्यशाळेसाठी स्वतंत्र जोडणी घ्यावी.

यंत्र कोरड्या, हवेशीर जागी, जमिनीपासून वीतभर उंच ओट्यावर ठेवावे. भिंतीपासून दोन हात अंतर असावे. मेन स्विच काम करणाऱ्याच्या हाताशी, दृष्टीसमोर हवा. खोलीच्या पलीकडे नको. फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार गुंडाळणे म्हणजे पहारेकऱ्याला झोपवून ठेवण्यासारखे आहे.

यानंतरचा विषय अर्थिंगचा. त्याबाबत सर्वत्र घोटाळा आढळतो, म्हणून तो विस्ताराने सांगितला पाहिजे. यंत्राच्या सांगाड्याचे अर्थिंग व कामाच्या लोखंडास जोडलेली परतीची केबल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कारागीर दोघींनाही "अर्थ" म्हणतात व येथूनच चूक सुरू होते. सांगाड्याचे अर्थिंग हे माणसाच्या रक्षणासाठी आहे. आतील वेटोळ्याचे आवरण फाटून ४१५ व्होल्टचा दाब पत्र्यावर आला, तर तो जमिनीत जावा व फ्यूज उडावा, हा त्याचा हेतू. त्यासाठी सांगाड्यास दोन स्वतंत्र अर्थिंग द्यावयाचे असतात. परतीची केबल ही वेल्डिंगचा प्रवाह यंत्राकडे परत नेणारी वाट होय. तिच्या ऐवजी लोखंडी सळई, पाण्याचा पाइप किंवा शेडचा खांब वापरला, तर दीडशे अँपिअरचा प्रवाह मिळेल त्या मार्गाने धावतो. वाटेत तो एखाद्या अर्थिंगच्या तारेतून गेला की ती जळून तुटते, आणि रक्षण नाहीसे झाल्याचे कोणाला कळतही नाही.

ट्रॅक्टर किंवा ट्रॉली दुरुस्त करताना परतीचा क्लॅम्प जोडाच्या अगदी जवळ, गंज व रंग खरवडून लावावा. सांधा ट्रॉलीच्या मागील बाजूस आणि क्लॅम्प ट्रॅक्टरच्या पुढच्या भागावर असे केल्यास प्रवाह चाकांच्या बेअरिंगमधून जातो. बेअरिंगवर बारीक खड्डे पडतात व महिन्या-दोन महिन्यांनी ते आवाज करू लागते. ट्रॉली सोडवून वेगळी करावी. ट्रॅक्टरवरच काम असेल तर बॅटरीच्या दोन्ही तारा व अल्टरनेटरची जोडणी आधी काढावी.

केबलमध्ये काटकसर करू नये. जाताना ३० व येताना ३० मीटर लांबीची १६ चौरस मिलिमीटर तांब्याची केबल १५० अँपिअरवर सुमारे १० व्होल्ट खाते, म्हणजे दीड किलोवॅट वीज केबल तापविण्यातच जाते. कारागीर मग चकती फिरवून प्रवाह वाढवितो व यंत्रावर ताण आणतो. ३५ चौरस मिलिमीटरची केबल वापरल्यास ही घट निम्म्याहून कमी होते.

८० व्होल्ट म्हणजे किरकोळ दाब, हा समज घातक आहे. कोरड्या हातास तो कधी कधी फारसा जाणवत नाही. घामाने भिजलेल्या अंगास किंवा ओल्या मातीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसास तो मारक ठरू शकतो. भर पावसात शेतात अडकलेली गाडी जोडण्याची घाई होते, तेव्हाच हे अपघात संभवतात. कोरड्या फळीवर उभे राहावे, चामडी हातमोजे असावेत आणि रॉड बदलतानाही ते काढू नयेत. डोळ्यांसाठी काळी काच हवीच. पाहणाऱ्या मुलांनाही दूर ठेवावे. जवळपास पाचट असेल तर ते आधी हलवावे.

यंत्रावर "६० टक्के" असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ, दहा मिनिटांत सहा मिनिटे ज्योत व चार मिनिटे विश्रांती. ३०० अँपिअर व ६० टक्के असे लिहिलेल्या यंत्रावर अखंड काम करावयाचे झाल्यास २३० अँपिअरच्या पुढे जाऊ नये.

निगा राखण्याच्या बाबतीत हे दोन जिल्हे एकसारखे नाहीत. महाबळेश्वर, पाटण, शिराळा या पावसाळी भागात यंत्राला ओल बाधते. माण, आटपाडी, जत या कोरड्या भागात धूळ व उन्हाळ्याची उष्णता बाधते. ओलीच्या भागात यंत्र बरेच दिवस बंद राहिले असेल तर पुन्हा सुरू करण्यापूर्वी ५०० व्होल्टच्या मेगरने तपासावे. पुरवठ्याचे व वेल्डिंगचे वेटोळे यांच्या दरम्यान किमान ५ मेगओहम रोध मिळावा. न मिळाल्यास ते वाळवूनच वापरावे. रॉडही पत्र्याच्या बंद डब्यात ठेवावेत. धुळीच्या भागात महिन्यातून एकदा, पुरवठा तोडून, झाकण उघडावे व कोरड्या हवेने आतील धूळ उडवावी. तेलात बुडालेले यंत्र असेल तर तेलाची पातळी पाहावी.

अलीकडे हातात उचलून नेता येणारी इन्व्हर्टर यंत्रे आली आहेत. ती वीज कमी ओढतात. मात्र ग्राइंडरची लोखंडी भुकटी त्यांच्या आतील पट्ट्यांवर बसली की ती निकामी होतात. न्यूट्रल तुटल्यास २३० व्होल्टच्या यंत्रावर ४१५ पर्यंतचा दाब येऊ शकतो, यास्तव न्यूट्रलची जोडणी घट्ट असल्याची खात्री करावी. बंद केल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये काही काळ दाब टिकतो. लगेच झाकण उघडू नये.

खंडेनवमीस यंत्र पुसून त्याला हळदकुंकू वाहण्याची रीत आहे. गळिताचा हंगाम त्यानंतर लवकरच सुरू होतो. त्याच दिवशी, पूजेच्या आधी, मेन स्विच पाडून सर्व लग व नट आवळावेत, होल्डरचे फुटलेले आवरण बदलावे, केबल हाताने चाचपून कोठे सोलली आहे ते पाहावे आणि अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतावे.