गेलेल्या माणसाच्या किल्ल्या

शाळा सोडून जाणाऱ्या विद्यार्थ्यास दाखला देण्यापूर्वी ग्रंथालयाची पुस्तके परत आली काय, फी थकली आहे काय, प्रयोगशाळेचे काही देणे उरले आहे काय, याची चौकशी करण्याचा रिवाज जुना आहे. कारकून चिठ्ठी लिहितो, शिपाई ती घेऊन ठिकठिकाणी फिरतो आणि सर्वांच्या सह्या झाल्यावरच हेडमास्तर दाखल्यावर सही करतात. या साध्या रिवाजाचे मर्म एवढेच की, जे हाती दिले ते परत आल्याची खात्री देणाऱ्याने स्वतः करून घ्यावी. आजच्या मोठ्या कचेऱ्यांत पुस्तकांच्या जागी संगणकावरील खाती आली आहेत आणि एका ग्रंथालयाच्या जागी कितीतरी निरनिराळ्या संगणक-प्रणाली. परंतु प्रश्न तोच आहे. माणूस गेला, त्याच्या किल्ल्या परत आल्या काय?

उघडी राहिलेली एक किल्ली किती महाग पडू शकते, हे २०२१ साली अमेरिकेत दिसून आले. टेक्सासमधील ह्यूस्टनपासून न्यूयॉर्कच्या बंदरापर्यंत कलोनिअल कंपनीची सुमारे ८,८५० किलोमीटर लांबीची तेलवाहिनी जाते, आणि पूर्व किनाऱ्यास लागणारे जवळजवळ निम्मे इंधन तिच्यातून वाहते. त्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस चोरट्यांनी कंपनीच्या संगणक-जाळ्यात प्रवेश मिळविला. त्यासाठी त्यांना दार फोडावे लागले नाही. दुरून कामावर येण्याकरिता पूर्वी दिलेले, पण वापरात न उरलेले एक खाते चालू राहिले होते. त्याचा परवलीचा शब्द त्यांच्या हाती लागला. त्या शब्दाखेरीज दुसरी कोणतीही पडताळणी तेथे नव्हती. ७ मे रोजी कंपनीने तेलवाहिनी बंद केली, आणि १२ मे रोजी ती पुन्हा सुरू करण्यास आरंभ झाला. मधल्या दिवसांत पेट्रोलपंपांपुढे मोटारींच्या रांगा लागल्या. कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलरची खंडणी मोजली. तिचा काही भाग पुढे सरकारने परत मिळविला. जे खाते कोणाच्याच उपयोगाचे उरले नव्हते, त्यातून एवढा अनर्थ ओढवला.

असे खाते मागे राहते कसे? मोठ्या संस्थेत या कामी दोन व्यवस्था असतात. पहिली हेल्प डेस्क. 'संगणक चालत नाही', 'अमुक प्रणालीत प्रवेश हवा' अशा तक्रारी व मागण्या येथे नोंदल्या जातात. प्रत्येक नोंदीस क्रमांक मिळतो आणि तिला 'तिकीट' म्हणतात. तिकीट एखाद्या कर्मचाऱ्याकडे जाते, तो काम उरकतो आणि तिकीट बंद करतो. सर्व्हिसनाऊ हे अशा प्रणालींतील एक प्रसिद्ध नाव होय. दुसरी व्यवस्था आयडेंटिटी गव्हर्नन्सची. कोणास कोणता अधिकार आहे, तो कोणी मंजूर केला आणि तो अद्याप असावा काय, याचा हिशेब ती ठेवते. सेलपॉइंट कंपनीची प्रणाली या वर्गात मोडते. पहिली म्हणजे कचेरीची आवक-जावक बारनिशी, तर दुसरी किल्ल्यांची वही. या दोन वह्या एकमेकींस अनोळखी राहिल्या, म्हणजे बारनिशीत 'काम झाले' असा शेरा पडतो आणि किल्ली मात्र खिशातच राहते. यास्तव त्या जोडावयाच्या.

या जोडणीची दोन अंगे आहेत. पहिले असे की, हेल्प डेस्क ही स्वतःच एक प्रणाली आहे. तिच्यातही खाती आहेत आणि अधिकार आहेत. किंबहुना तेथील अधिकार अधिक जोखमीचे, कारण परवलीचा शब्द विसरलेल्या माणसास नवा शब्द मिळवून देणे हे पुष्कळ ठिकाणी हेल्प डेस्कचेच काम असते. तिकिटांत संस्थेच्या अडचणी आणि माणसांची माहितीही साठलेली असते. म्हणून किल्ल्यांच्या वहीत हेल्प डेस्कच्या किल्ल्यांची नोंद प्रथम हवी.

दोन प्रणालींत बोलणे घडवून आणणाऱ्या दुव्यास 'कनेक्टर' म्हणतात. तो दुभाष्याचे काम करतो. त्याच्यासाठी हेल्प डेस्कमध्ये एक स्वतंत्र खाते काढावे लागते. हे खाते कोणा माणसाचे नसल्यामुळे त्यास सर्वाधिकार देऊन मोकळे होण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. खाती व गट वाचावयाचे आणि ठरलेले तेवढेच बदलावयाचे, एवढा अधिकार त्याला पुरे. नाहीतर किल्ल्या मोजावयास ठेवलेल्या माणसाच्या हाती तिजोरीच दिल्यासारखे व्हावयाचे.

कनेक्टर हेल्प डेस्कमधील सर्व खाती वाचून आणतो. मग प्रत्येक खात्याचा धनी शोधावयाचा. येथे नावावर विसंबून चालत नाही. एकाच कचेरीत दोन एस. कुलकर्णी असणे नवलाचे नाही, आणि लग्नानंतर नाव बदलल्याची उदाहरणे तर घरोघर सापडतात. यास्तव कर्मचारी-क्रमांकासारखी न बदलणारी खूण दोन्ही वह्यांत असावी लागते. ज्यांचा धनी सापडत नाही अशी पोरकी खाती वेगळी काढून त्यांचा निकाल लावतात. जोडणीचे पहिले फळ ते हेच.

अधिकार काढून घेण्याचीही रीत आहे. सर्व्हिसनाऊमध्ये अधिकार भूमिकेच्या द्वारे मिळतो, आणि भूमिका गटास दिली की गटातील प्रत्येकास ती आपोआप लाभते. अशी गटातून आलेली भूमिका काढावयाची तर माणसास गटातूनच काढावे लागते. नोकरी सोडून गेलेल्याचे खाते पुसून टाकण्यापेक्षा निष्क्रिय करणे श्रेयस्कर. पुसले तर जुन्या तिकिटांवर काम कोणी केले याचा माग अस्पष्ट होतो.

सर्वच प्रणाली एक भाषा बोलत असत्या तर काम येथेच संपले असते. इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरविणाऱ्या इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स या मंडळाने २०१५ साली 'स्किम' या संकेताची दुसरी आवृत्ती प्रसिद्ध केली. खाते उघडणे, बदलणे व बंद करणे यांची ती एक समान भाषा आहे. परंतु जुन्या अनेक प्रणालींना ती येत नाही, आणि तेथेच जोडणीचे दुसरे अंग उपयोगी पडते.

ज्या प्रणालीपर्यंत कनेक्टर पोचत नाही, तेथे माणसानेच खाते बंद करावयाचे असते. त्यासाठी गव्हर्नन्सची व्यवस्था हेल्प डेस्कमध्ये आपण होऊन तिकीट नोंदविते: अमुक कर्मचारी अमुक तारखेस नोकरी सोडून गेले, त्यांचे अमुक खाते बंद करावे. तिकिटाचा क्रमांक ती आपल्या वहीत टिपते आणि ठराविक वेळाने 'काय झाले?' म्हणून विचारते. येथे शेऱ्यांचा अर्थ सांभाळावा लागतो. 'पूर्ण' आणि 'रद्द' हे दोन्ही शेरे म्हणजे 'संपले' असे जोडणाऱ्याने ठरविले, तर न झालेले काम झालेल्यांत जमा होते आणि कोणास पत्ताही लागत नाही.

याहून सूक्ष्म चूक अशी की, 'पूर्ण' असा शेरा आला म्हणजे खाते खरोखर बंद झाले असे मानणे. शेरा ही एका माणसाची साक्ष आहे. तो माणूस अप्रामाणिक असावा लागत नाही. समोर चाळीस तिकिटे पडली असता खूण भलत्याच नावापुढे होऊ शकते. म्हणून तिकीट बंद झाल्यावर त्या प्रणालीतील खात्यांची यादी पुन्हा मागवून पडताळली पाहिजे. कनेक्टर नसेल तेथे ठराविक मुदतीने साधी यादी तरी आणवावी. यादीत ते खाते चालू दिसले, तर पुन्हा तिकीट काढावे. सुज्ञ गृहिणी वाण्याच्या चिठ्ठीवर समाधान मानीत नाही; पुडे सोडून पाहते. तिकीट ही वाण्याची चिठ्ठी आहे.

या व्यवस्थेत अखेरचा भार माणसावरच असतो. अधिकार मंजूर करणारा आणि तो प्रत्यक्ष देणारा, हे दोघे वेगळे असावेत. वेळोवेळी वरिष्ठांकडे याद्या पाठवून 'हा अधिकार अद्याप हवा काय?' असे विचारण्याचाही प्रघात आहे. परंतु दोनशे नावांपुढे एका दमात 'होय' लिहिणारा वरिष्ठ आणि डोके वर न करता साऱ्या वर्गास 'हजर' मांडणारा शिक्षक, हे एकाच माळेचे मणी.

घरी बसलेल्या माणसास हा कचेऱ्यांचा अंतर्गत कारभार वाटेल. पण बँकेतील शिल्लक, इस्पितळातील तपासण्यांचे निकाल, मुलांच्या शाळेतील नोंदी, हे सारे कोणत्या तरी प्रणालीत आहे आणि त्या उघडणाऱ्या किल्ल्या कोणाच्या तरी हाती आहेत. भारतीय संसदेने २०२३ साली मंजूर केलेल्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात, अशा माहितीच्या सुरक्षिततेची वाजवी काळजी न घेणाऱ्या संस्थेस २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दंडाचे भय चांगले. परंतु बाहेर गेलेली माहिती दंडाने परत येत नाही. ज्या कचेरीत कोणी गेल्यावर त्याच्या खात्यांची यादी पुन्हा उघडून पाहिली जाते, आणि मगच शेवटची सही होते, तेथेच ती माहिती सुरक्षित राहण्याची आशा धरता येते.