दोन मिनिटांचा गहू

फिनलंडच्या सुपरसेल कंपनीने २०१२ साली काढलेला ‘हे डे’ हा मोबाईलवरचा शेतीचा खेळ तुमच्यापैकी काहींनी खेळला असेल. त्यात गहू अवघ्या दोन मिनिटांत कापणीला येतो. आपल्या रानात त्याला सुमारे चार महिने लागतात!

आता सांगा पाहू, खेळ बंद करून तुम्ही शाळेत गेलात, तर तिथले पीक वाढवते कोण? कोणीच नाही. पेरणीची वेळ तेवढी कंपनीच्या संगणकात टिपलेली असते. खेळ पुन्हा उघडला, की आताच्या वेळेतून ती वजा होते. बाकी दोन मिनिटे किंवा अधिक आली, की पीक तयार! सारे शेत एका वजाबाकीवर उभे आहे. मोबाईलचे घड्याळ पुढे सरकवूनही उपयोग नाही. हिशेब कंपनीच्या घड्याळाने होतो. थांबायचे नसेल, तर खेळातले हिरे खर्चावे लागतात. थोडे फुकट मिळतात, बाकीचे खऱ्या पैशांनी. कंपनीची कमाई आहे ती तुमच्या या उतावळेपणावर.

गंमत म्हणजे, तिथे एकाचे दोनच होतात. खऱ्या गव्हाच्या एका दाण्याला फुटवे येतात, प्रत्येकाला ओंबी धरते आणि चांगल्या ओंबीत तीस-चाळीस दाणे सहज भरतात. येत्या रब्बीत एक ओंबी चोळून मोजून पाहा.