खणातली वाकडी किल्ली

मुलांनो, आज तुम्हांला एक छोटंसं काम सांगते. हे पान वाचून झालं की घरातला 'तो' खण उघडा. तो म्हणजे कोणता, हे मी सांगायला नकोच. संपलेले सेल, कुलूप हरवलेल्या किल्ल्या, एकटंच राहिलेलं बटण, रबरबँड असं सगळं ज्यात जाऊन पडतं, तो खण! त्यात नीट शोधा. इंग्रजी 'एल' अक्षरासारखी वाकलेली, सहा कडांची एक लोखंडी काडी सापडते का?

सापडली? बहुतेक सापडेलच. घरी कॉम्प्युटरचं टेबल, चपलांचा रॅक, पुस्तकांचं कपाट किंवा तुमची नवी सायकल खोक्यात सुटी सुटी आली असेल, तर तिच्याबरोबर ही काडी आलेली असते. जोडणी झाली की मोठी माणसं म्हणतात, "असू दे, लागेल कधीतरी." आणि ती खणात जाते. तिचं नाव 'ॲलन की'. आपल्याकडचे सायकलवाले एका दमात 'एलनकी' म्हणतात. आपण तिला वाकडी किल्ली म्हणू या.

माझं माहेर जळगावचं. दिवाळीत मी भावाकडे गेले, तेव्हा सेल शोधता शोधता त्याच्या खणात अशा किती किल्ल्या निघाल्या असतील? तब्बल अकरा! मी त्या जमिनीवर ओळीनं मांडायला लागले, तर वहिनी हसून म्हणाल्या, "अहो ताई, त्या कशाला मोजता? उद्या भंगारवाला आला की देऊनच टाकणार आहे."

मी म्हटलं, "वहिनी, थांबा. एवढ्यात देऊ नका."

मी असं का म्हटलं, त्यामागे माझीच एक चूक आहे. ती आधी सांगते.

बाईंची चूक

मी धुळ्याजवळच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या वर्गाला एकदा पुस्तकांचा रॅक मिळाला. मोठ्या खोक्यात फळ्या, एका पुडीत स्क्रू आणि एक वाकडी किल्ली. चौथीच्या मुलांनी आणि मी मिळून तो एका दुपारी जोडला. कोण आनंद झाला आम्हांला! मग वर्ग झाडला, आणि रिकाम्या खोक्याबरोबर मी ती किल्लीही टाकून दिली. वाटलं, रॅक तर तयार झाला, आता हिचं काय काम?

पावसाळा गेला, हिवाळा गेला. रॅक थोडा थोडा डुलायला लागला. मी त्याच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली आणि विसरून गेले. एके दिवशी पहिलीतला एक मुलगा वरच्या फळीवरचं चित्रांचं पुस्तक काढायला खालच्या फळीवर चढला. रॅक पुढं झुकला. शेजारी उभ्या असलेल्या दोन मोठ्या मुलांनी तो धरला म्हणून बरं. पुस्तकं मात्र धडाधड खाली आली. मुलाला काही झालं नाही, पण माझे हातपाय गार पडले.

रॅक मोडला नव्हता. त्याचे स्क्रू फक्त सैल झाले होते. पाच मिनिटांचं काम! पण ज्या किल्लीनं ते काम होणार, ती मी कधीच टाकून दिली होती. साध्या पेचकसानं ते स्क्रू फिरेनात, पकडीनं धरता येईनात. शेवटी चौथीतल्या एका मुलीनं हात वर केला. तिच्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. दुसऱ्या दिवशी ती रुमालात गुंडाळून किल्ल्यांचा जुडगा घेऊन आली. तिनं एकेक किल्ली लावून पाहिली. चौथी बरोबर बसली. तिनं सगळे स्क्रू आवळले, रॅकला दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिलं आणि अहिराणीत म्हणाली, "बाई, आते हालत नही!"

त्या दिवशी ती माझी बाई झाली, असं म्हणायला हरकत नाही.

सहा कोन कशाला?

आता तुम्ही विचाराल, की सगळ्यांच्या घरी असतो त्या पेचकसानंच फिरेल असा स्क्रू का करत नाहीत? ही सहा कोनांची खाच कशाला?

त्यासाठी शंभराहून जास्त वर्षं मागं जाऊ. त्या काळी कारखान्यांत लांब दांडे गरगर फिरत आणि त्यांच्यावर बसवलेल्या चाकांना पट्टे लावून यंत्रं चालत. पिठाच्या गिरणीतला पट्टा तुम्ही पाहिला असेल, तसंच. चाक दांड्यावर पक्कं राहावं म्हणून त्यात एक स्क्रू आवळत. पण त्या स्क्रूचं डोकं बाहेर राहायचं. कामगाराच्या सदऱ्याची बाही त्यात अडकली, की यंत्र माणसालाच ओढून घ्यायचं. फार अपघात होत.

मग डोकं नसलेले स्क्रू आले. डोकंच नाही, तर फिरवायचं कसं? त्याच्या पोटात सहा कोनांचा खड्डा करायचा आणि त्यात सहा कडांची किल्ली घालायची! अमेरिकेत हार्टफर्ड शहरातल्या विल्यम ॲलन यांनी असे स्क्रू बनवण्याच्या पद्धतीचं पेटंट १९१० साली घेतलं. थंड धातूच सहा कोनी साच्याभोवती दाबून ते ही खाच पाडत. त्यांच्याच नावावरून किल्लीला 'ॲलन की' हे नाव पडलं. म्हणजे बघा, जी गोष्ट आपण अडगळ समजतो, तिचा उपयोग माणसांचे हात वाचवायला झालेला आहे.

सहा कोनांचा आणखी एक फायदा. कोपऱ्यात, जिथं हात पुरता फिरत नाही, तिथं किल्ली थोडी फिरवायची, काढायची आणि पुन्हा घालायची. सहा कोन असल्यामुळं दर ६० अंशांवर ती पुन्हा नीट बसते. चार कोन असते, तर ९० अंश फिरवावी लागली असती. भूमितीच्या तासाला "याचा उपयोग काय?" असं विचारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं!

सुटं सुटं सामान

सामान सुटं करून पाठवण्याची युक्तीही जुनीच. व्हिएन्नाच्या टोनेट कारखान्यानं १८५९ साली एक लाकडी खुर्ची काढली. तिचे फक्त सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट. सुट्या केल्या, की अशा ३६ खुर्च्या एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच पेटीत मावत. त्यामुळं त्या जहाजानं दूरदूरच्या देशांत गेल्या.

स्वीडनमध्ये इंग्वार काम्प्राद यांनी १९४३ साली, म्हणजे वयाच्या सतराव्या वर्षी, 'आयकिया' ही कंपनी काढली. १९५६ च्या सुमाराची गोष्ट सांगतात, की तिथल्या गिलिस लुंडग्रेन यांना एक टेबल मोटारीत घालता येईना, म्हणून त्यांनी त्याचे पाय काढले. त्यातून पाय सुटे असलेलं, सपाट खोक्यात मावणारं सामान विकायची कल्पना पुढं आली. आयकियाचं भारतातलं पहिलं दुकान २०१८ साली हैदराबादला उघडलं आणि २०२० च्या डिसेंबरात नवी मुंबईत. आता तर धुळ्या-जळगावच्या गल्लीतही असं खोकं कुरियरनं घरपोच येतं.

पण या सोयीत एक गोम आहे. पूर्वी सुतारकाका खाट, कपाट करून देत. सांधा सैल झाला, की तेच येऊन ठोकून देत. खोक्यातलं कपाट मात्र आपण स्वतः जोडतो. म्हणजे त्याचे सुतार आपणच! ते सैल झालं, तर ठीक करायचं कामही आपलंच. आजीच्या घरची सुंभाची बाज आठवते? वापरून वापरून तिला झोळ आला, की पायथ्याकडची दोरी ओढून पुन्हा ताठ करायची. बाज कोणी फेकून देत नसे. तसंच हे.

स्क्रू सैल का होतात?

खोक्यातून येणाऱ्या बऱ्याच फळ्या लाकडाचा भुसा आणि बारीक तुकडे चिकट द्रव्यात दाबून केलेल्या असतात. पावसाळ्यात हवेतला ओलावा शोषून त्या किंचित फुगतात. उन्हाळ्यात सुकून आक्रसतात. आणि आपल्या खानदेशातला उन्हाळा म्हणजे काही विचारू नका! जळगाव-भुसावळकडं पारा ४५ अंशांच्या वरही जातो. दरवर्षीच्या या फुगण्या-आक्रसण्यानं आणि आपल्या रोजच्या ओढाओढीनं स्क्रूची पकड सुटते.

हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही. अमेरिकेत २०१६ साली आयकियानं खणांची सुमारे २ कोटी ९० लाख कपाटं परत मागवली. भिंतीला न जोडलेली अशी कपाटं अंगावर पडून काही लहान मुलांचे प्राण गेले होते. म्हणून पालकांनाही विनंती : उंच कपाट, मग ते कोणत्याही कंपनीचं असो, भिंतीला पट्टीनं नक्की जोडून घ्या. आणि मुलांनो, कपाटाच्या खणांची शिडी करून वर चढू नका. आमच्या पहिलीतल्या दोस्ताची गोष्ट विसरू नका.

अकरा किल्ल्यांचं काय केलं?

आता जळगावला परत येऊ. त्या अकरा किल्ल्या आम्ही मापाप्रमाणं लावल्या. किल्लीचं माप म्हणजे तिच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर. पाच किल्ल्या ४ मिलिमीटरच्या, तीन ५ च्या, दोन ३ च्या आणि एक ६ ची निघाली.

पहिलं काम : ज्या टेबलाला जी किल्ली लागते, ती त्याच टेबलाच्या खालच्या बाजूला चिकटपट्टीनं चिकटवून टाकली. आता शोधाशोध नको. भाच्यानं वर कागदाची चिठ्ठी लावली, 'माझी किल्ली'.

दुसरं : प्रत्येक मापाची एकेक किल्ली एका डबीत घातली. ती घराची हत्यारांची डबी.

तिसरं : उरलेल्या मी शाळेसाठी मागून आणल्या. आता आमच्या वर्गात एक 'दुरुस्ती डबा' आहे. गावात कोणाच्या सायकलचं सीट सैल झालं, की मुलं मधल्या सुट्टीत डबा मागायला येतात. जास्तीच्या दोन त्या सायकलवाल्या काकांना दिल्या. तेही खूश! त्यांनी एक युक्ती सांगितली. किल्लीचं टोक झिजून गोल झालं, तर ग्राइंडरवर तेवढंच टोक कापून टाकायचं, की पुढची कड पुन्हा नव्यासारखी. हे काम अर्थात त्यांनीच करायचं, आपण नाही.

आणि गंजून मोडलेली असेल तरच भंगारात द्यायची. लोखंड वितळवून त्याची पुन्हा वस्तू होते. कचऱ्यात मात्र टाकू नका.

करून पाहा

१) स्क्रू आधी किल्लीचा आखूड हात धरून आवळा, मग लांब हात धरून आवळा. कमी जोर कधी लागतो? आमच्या किल्लीचा लांब हात ७ सेंटीमीटर आणि आखूड हात २ सेंटीमीटर होता. लांब हात धरला, की तेवढ्याच जोराचा परिणाम साडेतीनपट होतो. हीच तरफेची गंमत! म्हणून सुरुवातीला भराभर फिरवायला आखूड हात धरावा आणि शेवटी आवळायला लांब. पण फार आवळू नका. भुशाच्या फळीतली पकडच तुटते.

२) किल्लीला दोरा बांधून ती खिळ्याला लटकवा. खिळ्यापासून किल्लीच्या मध्यापर्यंत २५ सेंटीमीटर अंतर ठेवा. हळूच झोका द्या. एक पूर्ण झोका, म्हणजे जाऊन परत येणं, साधारण एका सेकंदात होतो. दहा झोके मोजा आणि घड्याळाशी ताडून पाहा. मग अंतर चौपट, म्हणजे १०० सेंटीमीटर करा. झोक्याचा वेळ मात्र चौपट नाही, दुप्पटच होतो!

एक सक्त ताकीद : ही किल्ली लोखंडाची आहे. विजेच्या पिनेच्या भोकात ती कधीही घालायची नाही. आणि सुटे स्क्रू घरातल्या रांगत्या बाळाच्या हाती लागू द्यायचे नाहीत.

दोन दिवस लक्षात ठेवा

आमच्या वर्गानं एक नेम केला आहे. वर्षातून दोनदा सगळे स्क्रू तपासायचे. एकदा आखाजीला, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, फळ्या सुकलेल्या असताना. त्या वेळी शाळेला सुट्टी असली, तर आपापल्या घरी. आणि दुसऱ्यांदा खंडेनवमीला, पावसाळा सरल्यावर. खंडेनवमीला शेतकरी, सुतार, लोहार, गॅरेजवाले आपापली हत्यारं धुऊनपुसून मांडतात आणि त्यांना हळदकुंकू वाहतात. गेल्या खंडेनवमीला आमच्या वर्गातही पाटावर पेचकस, पक्कड, हातोडी मांडली होती. त्यांच्या शेजारी मुलांनी त्या वाकड्या किल्ल्याही ओळीनं ठेवल्या. फुलं वाहून झाली, आणि मग प्रत्येकानं एकेक किल्ली उचलली आणि आपापला बाक, रॅक, सायकल गाठली.

तर मुलांनो, उठा आता. खण उघडा. तुमच्या घरात किती निघाल्या, ते मोजा. आणि त्यांतली एक तरी आज कामाला लावा!