हलके हिवाळी जॅकेट

हलके हिवाळी जॅकेट हे कमी वजनात शरीराची ऊब टिकवून ठेवणारे वस्त्र आहे. ही ऊब वजनामुळे नव्हे, तर भरावात अडकलेल्या स्थिर हवेमुळे मिळते. हवा उष्णतेची मंदवाहक असते. गोधडीही याच तत्त्वावर ऊब देते.

== हवामान ==
परभणी जिल्ह्यातील वालूर (ता. सेलू) परिसरात हिवाळा कोरडा असतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान १० अंश सेल्सियसखाली उतरू शकते, तर दुपारी ते ३० अंशांच्या आसपास जाते. त्यामुळे एकाच जाड कपड्यापेक्षा सदरा, स्वेटर व हलके जॅकेट असे थर सोयीचे ठरतात.

== निवड ==
बदक किंवा हंसाच्या मऊ पिसांचा भराव वजनाच्या मानाने सर्वांत उबदार असतो. मात्र भिजल्यास पिसे चिकटतात व ऊब नाहीशी होते. पॉलिस्टरचा भराव ओलाव्यातही काही ऊब राखतो, लवकर वाळतो आणि स्वस्त असतो. म्हणून रात्री गहू-हरभऱ्याला पाणी देणाऱ्या शेतकऱ्यांसाठी तो अधिक उपयुक्त आहे. दुचाकीस्वारांसाठी वारा अडवणारे घट्ट विणीचे बाह्य कापड महत्त्वाचे असते.

== काळजी ==
नायलॉन व पॉलिस्टर उष्णतेने वितळून त्वचेला चिकटतात. त्यामुळे असे जॅकेट घालून शेकोटीजवळ बसणे धोक्याचे असते. जॅकेट दीर्घकाळ दाबून ठेवल्यास भरावाचा फुगीरपणा कमी होतो.