शिळावर्तुळांच्या गावी

नागपूरहून काटोलच्या रस्त्याने शहर मागे टाकले की दहा-बारा किलोमीटरवर जुनापाणी लागते. माळावर काळ्या बेसाल्टच्या मोठमोठ्या दगडांची कडी दिसू लागतात. एक झाले की पलीकडे दुसरे, त्याच्या पलीकडे तिसरे. वर्तुळाच्या आतली जमीन मधोमध किंचित फुगलेली असते. ही लोहयुगातल्या माणसांची दफनस्थळे आहेत. पुरातत्त्वाच्या भाषेत यांना महापाषाण म्हणतात.

घिवली, तारापूर, बोईसरच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्याला हे ठिकाण राज्याच्या अगदी दुसऱ्या टोकाचे. पण या वर्तुळांच्या काळाचा एक महत्त्वाचा पुरावा मिळाला तो अणूच्या गणिताने, आणि तेही मुंबईतल्या प्रयोगशाळेत. तारापूरच्या अणुऊर्जा केंद्राच्या शेजारी राहणाऱ्या घिवलीकरांना तरी हे गणित परके वाटू नये.

जुनापाणीची पहिली नोंदवलेली खोदाई १८६७ सालची. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने काही वर्तुळे उघडली. वर्तुळांच्या काही दगडांवर त्याला वाटीसारखे छोटे खळगे ओळीने कोरलेले दिसले. ब्रिटनमधल्या प्राचीन दगडांवरही असेच खळगे आहेत. हे साम्य त्याला फार महत्त्वाचे वाटले आणि त्यावर त्याने पुढे लेखही लिहिले.

मात्र रूप सारखे म्हणून काळ एक ठरत नाही. आयर्लंडमधला न्यूग्रेंजचा दफनकक्ष इ.स.पू. ३२०० च्या सुमाराचा आहे. इंग्लंडमधल्या स्टोनहेंजच्या मोठ्या शिळा इ.स.पू. २५०० च्या आसपास उभ्या राहिल्या. त्या माणसांना लोखंड ठाऊकच नव्हते. विदर्भातल्या वर्तुळांत मात्र लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, छिन्न्या आणि तव्यांचा सुकाळ आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या साम्याने भागत नव्हते. काळ मोजण्यासाठी वेगळे साधन हवे होते.

ते मिळाले कोळशात. झाड जिवंत असेपर्यंत हवेतला कार्बन घेत राहते. त्यात कार्बन-१४ हा किरणोत्सारी प्रकार अगदी अल्प प्रमाणात असतो. झाड तोडले की नवा पुरवठा थांबतो आणि आतला कार्बन-१४ ठरलेल्या वेगाने घटू लागतो. ५,७३० वर्षांत तो निम्मा होतो. म्हणजे २,६५० वर्षांपूर्वी जळलेल्या लाकडाच्या कोळशात आज मूळच्या कार्बन-१४ पैकी सुमारे ७३ टक्के शिल्लक असणार. उरलेला वाटा मोजला की वय कळते.

१९६८-६९ मध्ये नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव यांनी नागपूर जिल्ह्यातल्या टाकळघाट-खापा येथे उत्खनन केले. खाप्याला शिळावर्तुळे होती, तर टाकळघाटला त्याच काळातली वस्ती. वस्तीतल्या कोळशाचे नमुने मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तपासले गेले. वय निघाले इ.स.पू. सहाव्या-सातव्या शतकाच्या आसपासचे. तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले तेही १९६९ मध्येच. एकाच काळात अणूचे ज्ञान आपल्या किनाऱ्यावर वीज निर्माण करू लागले आणि विदर्भातल्या कोळशाचे वय सांगू लागले.

वर्तुळाची रचना समजून घेतली तर ते पाहण्यात खरी गोडी येते. बाहेरचे मोठे दगड ही सीमा. त्यांच्या आत दगडगोटे आणि काळी माती यांचा थर रचलेला असतो. मधला फुगवटा त्याचाच. त्याखाली माणसाची हाडे, मडकी, हत्यारे आणि दागिने सापडतात. हाडे अनेकदा अपुरी आणि विस्कळीत असतात. त्यामुळे काही मृतांना आधी दुसरीकडे ठेवून, नंतर निवडक अस्थीच येथे आणून पुरल्या असाव्यात, असे अभ्यासक मानतात.

मोठ्या शिळा उभ्या करून वर छताची शिळा ठेवलेले दफनकक्ष पाहायचे असतील तर आणखी पूर्वेला, चंद्रपूर जिल्ह्यातल्या हिरापूरला जावे लागते. नागपूरच्या पश्चिमेला तसे कक्ष आढळत नाहीत. तिथल्या बेसाल्टचे धोंडे सुटतात, पण मोठ्या सपाट शिळा सहज निघत नाहीत, हे त्यामागचे एक कारण असावे.

नागपूरजवळच्या माहुरझरीने या लोकांचे वैभव दाखवले. तिथे १९७०-७२ मध्ये देव यांनी आणि या शतकाच्या आरंभी पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या रवींद्र मोहंती यांनी उत्खनन केले. माणसांबरोबर घोड्यांचे अवशेष निघाले, घोड्याच्या डोक्यावर घालायचा तांब्याचा साज निघाला, लोखंडी लगाम निघाले. तांब्याच्या झाकणांवर मुठीच्या जागी पक्षी बसवलेले होते. अकीक आणि कार्नेलियनचे मणी तर माहुरझरीतच घडत होते.

नायकुंडचा शोध माझ्या मते याहून मोलाचा आहे. पारशिवनी तालुक्यात पेंच नदीच्या काठी देव आणि अ. प्र. जामखेडकर यांना १९७० च्या दशकाच्या अखेरीस लोखंड गाळायची भट्टी सापडली. मातीच्या वक्र विटांची, वर्तुळाकार. सोबत भात्याची हवा आत सोडणाऱ्या मातीच्या नळ्या आणि लोहमळीचे ढीग होते. लोखंड वितळायला १,५३८ अंश सेल्सियस तापमान लागते, तेवढी धग अशा भट्टीत येत नाही. पण त्याची गरजही नसते. जळत्या कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो. माती-दगडाचा अंश वितळून मळी बनतो आणि मागे लोखंडाचा सच्छिद्र गोळा राहतो. तो तापवून ठोकत राहायचे, म्हणजे उरलेली मळी निघून जाते. पुस्तकाविना, तापमापकाविना ही रीत साधलेली माणसे नुसती भटकी नव्हती. याच लोकांच्या भागीमोहारी येथील वस्तीत तांदूळ, गहू, जव आणि मसूर मिळाले आहेत. म्हणजे ही माणसे शेतीही करत होती.

जुनापाणीच्या त्या खळग्यांचा प्रश्न आजही जिवंत आहे. टाटा संस्थेचे मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खळगे असलेली ५६ वर्तुळे मोजली. वर्तुळाच्या केंद्रातून पाहिले तर खळग्यांचे दगड वाटेल त्या दिशेला नाहीत. ते तीन ठरावीक दिशांना येतात. त्यांचा संबंध आकाशाशी, ऋतूंशी असू शकेल, अशी शक्यता या अभ्यासकांनी मांडली. ती पटो वा न पटो, एक गोष्ट त्यातून स्पष्ट होते. हे मोजमाप शक्य झाले, कारण ते दगड मूळ जागी होते. एखाद्याने त्यातला एक धोंडा बांधाला लावला किंवा खडीसाठी फोडला असता तर दिशा कायमची हरवली असती. कोळशाचेही तेच. तो कुठल्या थरातून, कुठल्या मडक्याशेजारून आला हे ठाऊक असेल तरच त्याच्या वयाला अर्थ. या शास्त्रात वस्तूइतकीच तिची जागा महत्त्वाची, किंबहुना काकणभर अधिक.

दुर्दैवाने नागपूर शहर वाढते आहे आणि संरक्षित हद्दीबाहेरची वर्तुळे नांगराखाली, खाणीत, भूखंडांत जात आहेत. जुनापाणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. बाकी अनेक ठिकाणांना लोकांच्या जाणतेपणाखेरीज दुसरे कवच नाही. मृतासाठी शिळा उभी करण्याची रीत मात्र संपलेली नाही. गडचिरोलीत भामरागडच्या परिसरातले माडिया आजही तसे दगड उभारतात. अशा ठिकाणी जाताना आपण कुणाच्या तरी वाडवडिलांच्या दारात आहोत, याचे भान ठेवायला हवे.

जुनापाणी पाहायची तर हिवाळ्यात जावे. गवत वाळलेले असते आणि सकाळच्या तिरप्या उन्हात खळगे नीट उमटतात. आधी वर्तुळाभोवती एक फेरी मारावी, मगच दगड न्याहाळावेत. दगडांवर चढू नये, खडूने खळगे रंगवू नयेत, खापराचा तुकडासुद्धा उचलू नये. इतक्या लांब जाणे जमत नसेल तर पुण्यात डेक्कन कॉलेजचे संग्रहालय आहे, तिथे महापाषाण काळातल्या वस्तू पाहता येतात.

आणि आपल्या उत्तर कोकणातही डोळे उघडे ठेवावेत. इथले वीरगळ, म्हणजे वीरांच्या स्मरणार्थ उभारलेले कोरीव दगड, फार नंतरचे, मध्ययुगीन. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर चक्क नौकायुद्ध कोरलेले आहे. शेतात, देवळामागे, विहिरीच्या कठड्यात असा कोरीव दगड दिसला तर तो हलवू नका, रंगवू नका. फोटो काढा, जागा लिहून ठेवा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. दगड जागेवर राहिला तरच उद्याच्या अभ्यासकाला त्याला काही विचारता येईल.