हातचं सोडून पळत्याच्या पाठी

इंजिनाविना आभाळ : लेखांक ६

मागच्या आठवड्यात आपण थर्मलपाशी थांबलो होतो. नांगरलेलं शेत, माळरान, पत्र्यांची वस्ती अशी जागा उन्हानं आजूबाजूपेक्षा जास्त तापते, तिथली हवा हलकी होऊन वर निघते आणि तिच्यात गोल गोल फिरत घार पंख न हलवता चढत जाते. ग्लायडरही तसंच चढतं. वर जाऊन मिळवलेली उंची पुढं सरकण्यात खर्च करायची, खाली आलं की नवा थर्मल शोधायचा, पुन्हा चढायचं. साठवायचं, खर्चायचं, पुन्हा साठवायचं, असा हा व्यवहार.

आता प्रश्न असा, की यात शर्यत कसली? वारा सगळ्यांना सारखा, ऊन सारखं, इंजिन कुणाकडेच नाही. जो जास्त वेळ वर टिकेल तो जिंकला, असं असेल का? तसं मुळीच नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत सकाळी हवामानाचा अंदाज सांगून त्या दिवसाचा मार्ग आखून दिला जातो. ठरलेल्या वळणबिंदूंना वळसा घालून निघालेल्या जागी परतायचं, आणि ते कमीत कमी वेळात. चांगल्या दिवशी हा फेरा तीनशे, चारशे, क्वचित पाचशे किलोमीटरच्याही पुढे जातो. साधी विमानं एकामागून एक ग्लायडर ओढून वर सोडतात. सगळे वर गेले, की थोड्या वेळानं सुरुवातीची रेषा खुली होते. ती खुली झाली म्हणून लगेच निघालंच पाहिजे असं नाही. कधी निघायचं हे ज्यानं त्यानं ठरवायचं. घड्याळ तुम्ही रेषा ओलांडाल तेव्हा सुरू होतं. त्या दिवशीच्या विजेत्याला जास्तीत जास्त १००० गुण, बाकीच्यांना वेगाच्या हिशेबानं कमी. असे दिवस दोन आठवडे चालतात, आणि बेरीज ज्याची मोठी तो जगज्जेता.

या खेळाचं मर्म सांगायला मला आपलीच एक म्हण उलटी करावी लागते. हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागू नये, असं आपण लहानपणापासून ऐकतो. ग्लायडिंगच्या शर्यतीत नेमकं तेच करावं लागतं. हाताशी असलेला थर्मल कधी सोडायचा, यावर जय-पराजय ठरतो.

सुरुवातीपासून मात्र हे असं नव्हतं. पहिली जागतिक स्पर्धा १९३७ साली जर्मनीतल्या ऱ्होन डोंगररांगेत, वासरकुप्पे नावाच्या बोडक्या माथ्यावर झाली. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहानं जर्मनीच्या इंजिनाच्या विमानांवर बंधनं घातली, तेव्हा उडायची हौस असलेली पोरं बिनइंजिनाकडे वळली. या माथ्यावर १९२० पासून दरवर्षी ग्लायडरचे मेळावे भरत होते. १९३७ ची स्पर्धा जिंकली हाइनी डिटमार या जर्मन वैमानिकानं. त्याच्या ग्लायडरचं नाव होतं साओ पाउलो. १९३४ साली जर्मन संशोधकांची एक तुकडी दक्षिण अमेरिकेत गेली होती. तिथंच ब्राझीलमध्ये डिटमारनं ४३५० मीटरचा उंचीचा जागतिक विक्रम केला होता. हाच माणूस पुढे १९४१ साली रॉकेटच्या विमानात बसून ताशी हजार किलोमीटरच्या पलीकडे गेला. एकाच आयुष्यात बिनइंजिनाचं जगज्जेतेपद आणि रॉकेटचा वेग, दोन्ही.

त्यानंतर हा खेळ ऑलिंपिकच्या दारापर्यंत पोहोचला होता. १९४० च्या खेळांसाठी सगळ्यांनी एकाच जातीचं ग्लायडर उडवायचं ठरलं. त्याची निवडही १९३९ साली इटलीत झाली. हान्स याकोब्स या अभियंत्यानं रचलेल्या त्या यंत्राला ‘ऑलिंपिया’ हे नाव मिळालं. मग महायुद्ध सुरू झालं, खेळ रद्द झाले, यंत्राला नाव तेवढं उरलं. ग्लायडिंग आजतागायत ऑलिंपिकमध्ये पदकाचा खेळ म्हणून आलेलं नाही.

युद्धानंतरची पहिली जागतिक स्पर्धा १९४८ साली स्वित्झर्लंडमधल्या सामेदानला भरली. ती स्वीडनच्या पेर-आक्सेल पेर्सोननं जिंकली. पण आल्प्सच्या कुशीतल्या त्या स्पर्धेत डोनाल्ड ग्रेग आणि किट निकोल्सन हे दोन ब्रिटिश वैमानिक प्राणाला मुकले. निकोल्सन हा व्यवसायानं नावाजलेला वास्तुरचनाकार होता. हा हौशी लोकांचा खेळ आहे, पण तो जीव घेऊ शकतो, हे तेव्हापासून कुणी विसरलेलं नाही.

त्या काळच्या शर्यतीत काही दिवस ‘जमेल तितकं दूर जा’ असेच असत. वाऱ्याच्या दिशेनं निघायचं, संध्याकाळी जिथं उतराल तिथं उतरायचं. कुणा शेतकऱ्याच्या कुरणात ग्लायडर टेकलं, की गावातला टेलिफोन शोधायचा. मागून आपली माणसं मोटारीला लांबलचक ट्रेलर जोडून यायची, पंख सुटे करून त्यात भरायची आणि रातोरात परत आणायची. सकाळी पुन्हा उड्डाण. वैमानिक जितका दमे त्याहून त्याची ट्रेलरवाली मंडळी जास्त. १९५२ साली माद्रिदला जिंकलेला ब्रिटनचा फिलिप विल्स हा या काळातला मातब्बर गडी. तेव्हा त्याचं वय पंचेचाळीस होतं. या खेळात केस पांढरे होणं ही अडचण मानत नाहीत.

आणि मग १९५६ साल. फ्रान्समधलं सां-यां. जिंकणारा होता पॉल मॅक्रेडी, हे विजेतेपद मिळवणारा पहिला अमेरिकन. सहा वर्षांपूर्वी स्वीडनमधल्या ओरेब्रोला तो दुसरा आला होता. मॅक्रेडी भौतिकशास्त्र शिकलेला आणि हवामानाचा अभ्यासक. वैमानिक जे अंदाजपंचे करत होते, ते त्यानं गणितात बसवलं. हे गणित समजलं की अख्खा खेळ समजतो, म्हणून जरा सावकाश पाहू.

समजा, पुढचा थर्मल ३० किलोमीटरवर आहे. तुमचं ग्लायडर ताशी १०० च्या वेगानं गेलं तर सेकंदाला ०.७ मीटर खाली येतं. वेग १५० केला तर सेकंदाला १.५ मीटर. हळू गेलात तर पोहोचायला १८ मिनिटं लागतील आणि ७५६ मीटर उंची खर्च होईल. जोरात गेलात तर १२ मिनिटं आणि १०८० मीटर. खर्च केलेली उंची पुढच्या थर्मलमध्ये परत मिळवायची आहे, तर त्याचाही वेळ धरा.

पुढचा थर्मल मरतुकडा असेल, सेकंदाला अर्धा मीटरच चढवत असेल, तर हळू जाणाऱ्याला एकूण ४३ मिनिटं लागतात आणि घाई करणाऱ्याला ४८. घाईनं पाच मिनिटं घालवली. तोच थर्मल सेकंदाला तीन मीटर चढवणारा दांडगा असेल, तर हळू जाणाऱ्याची २२ मिनिटं होतात आणि जोरात जाणाऱ्याची १८. म्हणजे आत्ता किती वेगानं जायचं, हे पुढं काय मिळणार आहे त्यावर ठरतं. ज्याला उद्या पगार मिळणार आहे त्यानं आज किती खर्च करावा, तसाच हा हिशेब.

मॅक्रेडीनं याचं एक साधं साधन केलं. ग्लायडरमध्ये चढण-उतरण दाखवणारी तबकडी असते, तिला व्हेरिओमीटर म्हणतात. तिच्याभोवती त्यानं आकडे कोरलेलं एक फिरतं कडं बसवलं. पुढचा थर्मल किती जोराचा मिळेल या अपेक्षेवर कडं लावायचं, की काट्यासमोर वेगाचा आकडा दिसतो. आजच्या ग्लायडरमध्ये हे काम संगणक करतो, पण आकड्याला वैमानिक अजूनही ‘मॅक्रेडी’च म्हणतात.

या गणिताची दुसरी बाजू जास्त धारदार आहे. कडं तीन मीटरवर लावलंय आणि तुम्ही ज्यात फिरताय तो थर्मल दीड मीटरवर आला, तर तो सोडा. अजून वर नेतोय म्हणून चिकटून राहू नका. चढणारी हवा हाताशी असताना तिच्यातून बाहेर पडायचं, आणि समोर न दिसणाऱ्या, फक्त ढगाच्या आकारावरून ओळखलेल्या हवेकडे निघायचं. ऐकायला सोपं, पण जमीन हळूहळू जवळ येत असताना करायला अवघड. मॅक्रेडीनं हेच काटकसरीचं डोकं पुढे वेगळ्या कामाला लावलं. त्याच्या ‘गॉसॅमर काँडॉर’ या पायडल मारून उडवायच्या विमानानं १९७७ साली माणसाच्या ताकदीवरच्या उड्डाणाचं क्रेमर पारितोषिक मिळवलं आणि १९७९ साली ‘गॉसॅमर अल्बट्रॉस’नं इंग्लिश खाडी ओलांडली.

नुसतं यंत्र भारी असून भागत नाही, याचा पुरावा १९६५ साली इंग्लंडमधल्या साउथ सर्नीला मिळाला. खुल्या गटात पंखांच्या लांबीला मर्यादा नसते. लांब पंख म्हणजे कमी उंची खर्चून जास्त अंतर. पण तो गट जिंकला पोलंडच्या यान व्रुब्लेव्स्कीनं, आणि तोही ‘फोका ४’ या पंधरा मीटर पंखांच्या, स्टँडर्ड गटासाठी बनवलेल्या ग्लायडरमधून.

जर्मनीच्या हेल्मुट राइशमाननं मॅक्रेडीचं गणित आणखी पुढे नेलं. तो १९७० साली टेक्सासमधल्या मार्फाला आणि १९७४ साली ऑस्ट्रेलियातल्या वायकेरीला स्टँडर्ड गटात जिंकला. १९७८ साली शातोरूला पंधरा मीटर गटाचं विजेतेपद त्यानं ब्राउनश्वाइगच्या विद्यार्थ्यांनी बनवलेल्या ‘एसबी ११’मधून मिळवलं. त्याचा भर न थांबण्यावर. चढत्या हवेतून सरळ जाताना नाक वर करून वेग कमी करायचा, उतरत्या हवेत नाक खाली करून सुसाट निघायचं. वैमानिक याला डॉल्फिनची चाल म्हणतात. एकेका थर्मलमध्ये फेऱ्या मारण्यात गेलेली मिनिटं अशी वाचतात. दूर पल्ल्याच्या उड्डाणावरचं त्याचं पुस्तक अजूनही या खेळाचं पाठ्यपुस्तक मानलं जातं.

इथवर वाचून वाटेल, की धाडस करणारा जिंकतो. तर आता जॉर्ज मॉफटला भेटा. हा अमेरिकन शाळेत इंग्रजी साहित्य शिकवायचा आणि शिडाच्या होड्यांच्या शर्यतींतून ग्लायडिंगमध्ये आला. १९७० आणि १९७४, दोन्ही वेळा खुल्या गटाचा विजेता. त्याचा जोर न हरण्यावर असे. कारण गुणांची रचनाच तशी आहे. रोज दुसरा-तिसरा येणाऱ्याचं फारसं बिघडत नाही. पण एक दिवस कुठल्या शेतात उतरावं लागलं, तर मिळतात फक्त अंतराचे गुण. मग आधीच्या चार दिवसांची सगळी कमाई त्या कुरणात राहते. वैमानिक याला आउटलँडिंग म्हणतात, आणि बहुतेक जगज्जेतेपदं अशाच एका संध्याकाळी हुकतात.

थोडक्यात, आपली म्हण खोटी नाही. दांडग्या दिवशी ती मोडायची आणि मरगळलेल्या दिवशी पाळायची. दुपारचे चार वाजले, ढग पातळ झाले, की अर्ध्या मीटरचा थर्मलही सोन्यासारखा. कोणत्या घटकेला म्हण खरी आणि कोणत्या घटकेला खोटी, हे ज्याला आधी कळतं तो जिंकतो.

हे कळणं नशिबाचं नसतं, याची साक्ष विजेत्यांची यादी देते. ब्रिटिश हवाई दलातला जॉर्ज ली १९७६, १९७८ आणि १९८१ असा सलग तीनदा खुला गट जिंकला. त्याच्यामागोमाग जर्मनीत जन्मून ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेला इंगो रेनर १९८३, १९८५, १९८७ असा सलग तीनदा जिंकला, शिवाय १९७६ चं स्टँडर्ड गटाचं विजेतेपद होतंच. रेनर टोकुमवालला शिकवायचा आणि हयातीतले हजारो तास त्यानं हवेत काढले. पोलंडचा सेबास्टियन कावा व्यवसायानं डॉक्टर. या शतकात निरनिराळ्या गटांत मिळून त्यानं दहापेक्षा जास्त जगज्जेतेपदं मिळवली आहेत. २०१३-१४ च्या हिवाळ्यात तो नेपाळमधल्या पोखऱ्याहून अन्नपूर्णेच्या शिखरांवर जाऊन आला. वारा लहरी असेल, पण त्याच त्याच माणसांवर तो वारंवार मेहेरबान कसा होईल?

आता काळ बदलला. पूर्वी वळणबिंदू गाठल्याचा पुरावा म्हणून वैमानिक त्या जागेचा फोटो काढून आणत, आज जीपीएसची नोंदपेटी क्षणाक्षणाचा माग ठेवते. पंखांत पाणी भरून वजन वाढवतात, म्हणजे वेगात जाताना उंची कमी खर्च होते. शेवटी ते पाणी सोडून देतात. तरुणांची वेगळी जागतिक स्पर्धा १९९९ पासून आणि स्त्रियांची २००१ पासून भरते. एकाच थर्मलमध्ये वीस-पंचवीस ग्लायडर एकमेकांवर फिरत असतात, म्हणून टक्कर होण्याआधी इशारा देणारं यंत्र आता बहुतेकांकडे असतं.

या घोळक्यानं मात्र एक नवी पंचाईत केली. पुढं गेलेलं ग्लायडर कुठं चढतंय ते मागच्याला आयतं दिसतं. म्हणून सुरुवातीची रेषा खुली झाली तरी कुणी आधी निघायला तयार नसतं. सगळे घिरट्या घालत एकमेकांचं तोंड बघत राहतात. ऊन कलत जातं, तरी हातचा घोळका सोडवत नाही. शेवटी कुणीतरी एक निघतो.

पुण्याजवळ हडपसरला १९५० पासून ग्लायडिंग केंद्र आहे. तारेनं खेचून वर सोडलेलं ग्लायडर सोलापूर रस्त्यावरून जाताना पुष्कळांनी पाहिलं असेल, आणि एप्रिलच्या दुपारी त्याच्याच थर्मलमध्ये फिरणाऱ्या घारीही. पुढच्या वेळी त्या घारीकडे जरा जास्त वेळ बघा. चढता थर्मल सोडायची तिला गरजच पडत नाही. तिला संध्याकाळी कुठल्याही रेषेवर पोहोचायचं नाही.

(पुढच्या आठवड्यात : डोंगराआडची लाट. थर्मल संपतो तिथून वर नेणारी हवा.)