उशिरां आलेली वही

कॉलेजांत दिलेला स्वाध्याय विद्यार्थ्यानें ठरल्या तारखेस न देतां दोन दिवसांनीं आणून दिला, तर प्राध्यापकांनीं काय करावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. प्रश्न दिसावयास लहान. परंतु ज्या घरांत कॉलेजांत जाणारा मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घरांत तो दर सहामाहीस एकदां तरी निघतोच. एक प्राध्यापक अशी वही हातांत घेत नाहींत, दुसरे कांहीं गुण कापतात, तिसरे कांहीं न बोलतां ती ठेवून घेतात. यांपैकीं न्याय्य कोणतें, हें आपण पाहूं.

प्रथम या गुणांची किंमत लक्षांत घेतली पाहिजे. जेथें वर्षाअखेरची परीक्षाच सर्व कांहीं ठरवी, तेथें गृहपाठ राहिला तर बोलणीं खावीं लागत, पण निकालास धक्का बसत नसे. आतां तसें नाहीं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या आराखड्यांत कला व वाणिज्य शाखांच्या शंभर गुणांच्या विषयांत ७० गुण विद्यापीठाच्या परीक्षेस व ३० गुण कॉलेजांतील अंतर्गत मूल्यमापनास ठेवले गेले. चाचणी, स्वाध्याय, प्रकल्प हीं सर्व त्या तिसांत येतात. म्हणजे तारखेचा नियम थेट गुणपत्रकावर उमटतो.

काटेकोर नियमाच्या बाजूनें पुष्कळ सांगतां येईल. ज्यानें रात्री जागून वेळेवर काम पुरें केलें, त्याच्यापेक्षां चार दिवस अधिक घेणाऱ्यास तेवढेच गुण देणें हा पहिल्यावर अन्याय होय. शिवाय प्राध्यापकांपुढें वह्यांचा ढीग असतो आणि विद्यापीठाकडे गुण पाठविण्याची तारीख त्यांच्याही डोक्यावर असते. आणि एकदां वर्गांत उत्तरांची चर्चा झाली, म्हणजे नंतर आलेली वही विद्यार्थ्याची कीं चर्चेची, हें सांगणें कठीण होतें.

परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. आमच्या कोपरगांवचेंच उदाहरण घ्या. येथील कॉलेजांत बसणारीं कितीतरी मुलें गोदाकांठच्या खेड्यांतून येतात. पहिल्या सत्राचें काम देण्याची वेळ आणि सोयाबीन काढण्याची वेळ एकच. दुसरें सत्र निम्म्यावर येतें, तों उन्हाळी कांदा काढणीस येऊं लागतो आणि ऊसतोडही चालूच असते. २०१९ च्या ऑगस्टमध्यें गोदावरीस मोठा पूर आला. २०२१-२२ मध्यें एस. टी. कर्मचाऱ्यांचा संप कित्येक महिने चालला. अशा वेळीं वाडीवरच्या मुलीची वही उशिरां आली, तर तो आळस म्हणावयाचा काय? कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं काढलेल्या रयत शिक्षण संस्थेचें एक कॉलेज याच गांवांत आहे. काम करून शिकणारा विद्यार्थी हा कर्मवीरांच्या दृष्टीनें अपवाद नव्हता. त्याच्यासाठींच तर हा खटाटोप होता.

आतां थोडें गणित करूं. दहा गुणांच्या स्वाध्यायांत एकानें नऊ गुणांचें काम केलें, पण दोन दिवस उशीर झाला म्हणून दोन गुण कापले गेले. दुसऱ्यानें सात गुणांचें काम वेळेवर दिलें. गुणपत्रकांत दोघांचेही सात. पहिल्याचे सात हे ज्ञान वजा उशीर. दुसऱ्याचे सात हे केवळ ज्ञान. वाचणाऱ्यास भेद कळावा कसा? म्हणून दंड असावा, पण तो लहान असावा. केलेलें काम त्याखालीं दडपून जाऊं नये. आणि एक दिवस उशीर झाला तर शून्य, असा नियम केला, कीं विद्यार्थी आदल्या रात्रीं मित्राची वही उतरून काढतो. शिस्त शिकविण्यास निघालेला नियम असा लबाडी शिकवितो.

तथापि माझ्या मतें सर्वांत मोठा अन्याय कठोरपणांत नाहीं, तर अलिखित दयेंत आहे. प्राध्यापक दयाळू आहेत, पण ही दया कोणास मिळते? जो धीटपणें शिक्षकांच्या खोलीचें दार उघडून आंत जातो, त्यास. ज्याचे वडील ओळखीचे आहेत, त्यास. खालच्या मानेनें मागच्या बांकावर बसणारी मुलगी विचारीतच नाहीं. तारीख गेली म्हणजे सर्व संपलें, असें ती मानते. एकास नियम व दुसऱ्यास सवलत, हें नियमभंगाहूनही वाईट.

याच प्रश्नाचें मोठें रूप महाराष्ट्रानें २०२० सालीं पाहिलें. करोनाच्या साथींत राज्य शासनानें अंतिम वर्षाच्या परीक्षा न घेण्याचें ठरविलें. विद्यापीठ अनुदान आयोगानें त्या ३० सप्टेंबरपर्यंत घ्याव्या असें सांगितलें. २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, परीक्षेवांचून पदवी देतां येणार नाहीं, मात्र परिस्थितीमुळें तारीख पाळणें अशक्य असल्यास राज्यानें आयोगाकडे मुदत वाढवून मागावी. या निर्णयांत आपल्या लहानशा प्रश्नाचेंही उत्तर आहे. काम सुटणार नाहीं. तारीख सरकूं शकते. पण ती कोणाच्या लहरीनें नव्हे, तर रीतसर मागणीनें.

तेव्हां नियम कसा असावा? सत्राच्या पहिल्याच आठवड्यांत तो लिहून फळ्यावर लावावा. दोन दिवसांची सवलत सर्वांस, कारण न विचारतां द्यावी. पुढें दर दिवसास थोडा, ठरलेला गुण कमी करावा. उत्तरांची चर्चा ज्या दिवशीं व्हावयाची, तो शेवटचा दिवस. त्यानंतर वही घेऊं नये. पूर, आजार, घरांतील मृत्यु अशा प्रसंगीं लेखी अर्जावर वेगळा प्रश्न काढून काम करून घ्यावें, आणि असा अर्ज करतां येतो हें वर्गांत सर्वांसमक्ष सांगावें. विद्यापीठ परीक्षेचा अर्जही विलंब शुल्क घेऊन कांहीं दिवस स्वीकारतेंच. तेथें पायऱ्या आहेत, एकदम कडा नाहीं.

आईबापांसही एक विनंति आहे. मुलाची वही राहिली, तर प्राध्यापकांच्या ओळखीचा माणूस शोधूं नका. मुलास नियम वाचावयास सांगा, अर्ज त्याचा त्यास लिहूं द्या, आणि दंड झालाच तर तो सोसूं द्या. जो नियम आधीं सांगितलेला आहे, सर्वांस सारखा आहे आणि ज्यांत अडलेल्यास उघड वाट आहे, त्याचा दंड मुलें मुकाट्यानें पत्करतात. त्यांच्या मनांत सलतो तो शेजारच्या बांकावरील मुलास गुपचूप मिळालेला अधिक दिवस.